मधली काच

तर म्हणे, हात पोचला पाहिजे... आता तुम्हीच सांगा, जेट विमानात, ढगांच्याही वर, मागच्या माणसाचा हात पुढच्याच्या टाळक्यापर्यंत कशाला पोचायला हवा? पण नाही. आमचे दाजी, म्हणजे सख्ख्या ताईचे यजमान, हवाई दलात मुख्य प्रशिक्षक, पोरांना लढाऊ विमान चालवायला शिकवतात, आणि त्याच पोरांसाठी जे नवं शिकाऊ विमान बनतंय त्याची केबिन आखतो मी, म्हणजे घरातही दाजी आणि ऑफिसातही दाजीच. पुढे शिकणारा, मागे शिकवणारा, आणि मध्ये मी घातली एक जाड काच. झालं, तिथेच माझे ग्रह फिरले.

प्लायवूडची नमुन्याची केबिन बघायला आले. मला म्हणाले, "बस पुढे." बसलो. मागून काचेवर धाडकन काठी. "हे काय आहे?" म्हटलं, काच, दाजी. "अरे, जुन्या विमानात याच काठीनं मी आयुष्यभर पोरं घडवली. चुकला की टाळक्यात एक. कानात ओरडून कुणी शिकतं का? हात पोचला पाहिजे." बरं, सांगून थांबावं की नाही? सुताराला बोलावून काच काढायला लावली आणि प्रात्यक्षिक दिलं. कुणाच्या टाळक्यावर ते विचारू नका. एक डावीकडे वळताना, एक उजवीकडे वळताना... प्लायवूडचं विमान हो, ते कुठे वळतंय? डोळ्यांपुढे काजवे चमकले माझ्या.

पण मी भांडलो. म्हटलं, दाजी, आसनाखाली रॉकेट असतं, विमान पडायला लागलं की दांडी ओढायची, वरचं छत फुटतं आणि माणूस आसनासकट बाहेर. मागच्यानं आधी उडायचं असा नियम आहे, पण पोरगं घाबरून तुमच्या आधी उडालं तर? मध्ये काच नसेल तर त्याचा जाळ आणि छताचे तुकडे सरळ तुमच्या तोंडावर. तर म्हणतात, "माझा विद्यार्थी माझ्या आधी उडेल? टाप आहे त्याची?"

तिकडे ताई. फोनवर रडली हो. "काच काढलीस तर माझ्या दारात पाऊल टाकू नकोस. एकच नवरा आहे मला, त्याला काही झालं तर मी भांडू कुणाशी?" म्हणजे काच ठेवली तर दाजी मारणार, काढली तर ताई.

शेवटी आमच्या ऑफिसातल्या साहेबांनी चाचणी ठेवली, काचेशिवाय. मागे माणसाच्या वजनाचा बाहुला. दाजींनी हौसेनं स्वतःचं हेल्मेट त्याला चढवलं, "ओरखडा उठला तर नाव बदलीन." बटण दाबलं आणि काय तो आवाज... पुढचं आसन गेलं वर, छताच्या ठिकऱ्या मागे, त्यावर जाळ, आणि धूर सरला तेव्हा बाहुल्याला मानेच्या वर काही नव्हतं. हेल्मेट अर्धं भिंतीपाशी, अर्धं सापडलंच नाही. खांदे जळत होते. खरं सांगतो, मी घाबरलो, कारण त्या आसनात मला क्षणभर दाजीच दिसले. दाजी भिंतीपाशी गेले, अर्धं हेल्मेट उचलून म्हणाले, "बसव तुझी काच."

जिंकलो, असं मला वाटलं. मग विद्यार्थ्याला घेऊन पहिलं उड्डाण झालं. पोरानं विमान उतरवलं कसलं, आपटलं, उसळलं, परत आपटलं. काचेमागे दाजी लालबुंद, हातात काठी, आणि वरपासून साठलेला राग काढायचा कुणावर? विमान थांबलं. पोरगं चपळ, पलीकडून उडी मारून पसार. दाजी शिडीवरून खाली आले, आणि शिडीखाली कोण उभं? केबिन कशी वाटली विचारायला, मी. तुम्हाला सांगतो, हात पोचला.

तेव्हापासून हे रोजचंच. ताई म्हणते, "ते धडधाकट घरी येतात ना? मग सोस की थोडं." साहेबांकडे गेलो, म्हटलं, मला शिडीपाशी उभं करू नका. साहेब म्हणाले, "पोरं खूश, प्रशिक्षक उतरल्या उतरल्या शांत. अख्ख्या विमानात सगळ्यात भरवशाचा भाग तुम्हीच आहात, तुम्हाला कसं काढणार?" आणि आता हवाई दलानं अशी शंभर विमानं मागवलीत. प्रत्येकाला एक शिडी... मी एकटा कुठे कुठे पुरणार?