ठोका चुकला

बसा, बसा — फक्त माझ्याकडे असं बघू नका. मानेला बोटं लावली म्हणून बघता ना? ठोके बघतोय, सवय आहे. तुमाला काय दिसलं का? गाठबीठ? नाय? — नक्की? कारण लोक बघतात आणि सांगत नायत, हाच तर सगळा घोळ आहे. आता ही माझी बायको, रोशनी — ती बघा, केसपेपरच्या रांगेत, हिरवी साडी — आल्यापासून दोनदा त्या नर्सबाईशी कुजबुजली. मला म्हणते, पंखा लावायला सांगितला. पंख्याचं कानात सांगतात होय?

टोकावड्याच्या पुढे, माळशेजच्या रस्त्याला पंक्चरचं दुकान आहे माझं. शेजारी भगीरथचा धाबा — होता. बैलासारखा गडी, ट्रकचा टायर एकटा उचलायचा. गेल्या उन्हाळ्यात भर दुपारी कांदा चिरत होता, घामानं नुसता निथळलेला. मी म्हटलं, काय रे भगीरथ? तर म्हणाला, 'काय नाय रे, उकडतंय.' आत जाऊन खाटेवर आडवा झाला तो उठलाच नाय. शेवटचा शब्द काय गड्याचा — तर 'काय नाय'! मग डॉक्टर जेव्हा म्हणतो तुमाला काय नाय, तेव्हा मी दुसरा डॉक्टर नाय गाठणार? तुमीच सांगा. मुरबाडात कार्डिओग्राम काढला — काय नाय. कल्याणला छातीचा फोटो, रक्त, सोनोग्राफी — काय नाय. दोन दिवस बरं वाटतं, खोटं कशाला बोलू — आणि मग डोक्यात येतं, मशीनच बिघडलेलं असलं तर? रिपोर्ट दुसऱ्याचा दिला असला तर? आता रोशनीनं इथे आणलंय, मनाच्या डॉक्टरकडे. म्हणे दुखणं छातीत नाय, भीतीत आहे. त्या कल्याणवाल्या डॉक्टरनं आणि हिनं मिळूनच ठरवलेलं दिसतंय. मी तर येणारच नव्हतो.

मग आलो का? आलो असाच — नाय, ते तुमाला काय सांगायचं. — परवा पोरगी माझी, समीक्षा, दुसरीत आहे, शाळेची जीप येऊन उभी राहिली तरी पायरीवरून उठेना. मानेला दोन बोटं लावून बसलेली. म्हणाली, 'बाबा, थांबा ना, माझा ठोका चुकला.' खेळत नव्हती हो, डोळ्यांत पाणी होतं. मी तिला पोटाशी धरलं, म्हटलं, 'काय नाय गो बाय, तुला काय नाय झालेलं' — तर तिनं वर माझ्या तोंडाकडे बघितलं. कसं सांगू — खोटं बोलणाऱ्याकडे बघतात ना, तसं. मी डॉक्टरांकडे बघतो तसं.

जीप गेली निघून. रोशनी दारात उभी होती. मीच म्हटलं, कधी जायचं ते सांग.

आलो गो, आलो, नाव ऐकलं मी! — हे बघा, तिनं विचारलं तर आपण पावसापाण्याचं बोललो, बाकी काय नाय. आणि पाय घ्या जरा बाजूला. जाऊ द्या मला आत.