पहिल्या बायका कुठे गेल्या?

हॅलो? … हॅलो? … हां, ताई, बोल. … नाही, मोडलं नाही. आधी एवढं ऐक आणि खाली बस. लग्न मोडलेलं नाही.

… अगं हो, नक्की. साखरपुडा पुढच्या रविवारी, ठरला होता तसाच. जेफ्रीने स्वतः सांगितलं, दुसऱ्यांदा श्रीखंड घेताना. मोडायचं असतं तर व्याही दुसऱ्यांदा श्रीखंड घेईल का?

… इंग्रज असला तरी.

… रडतेय कुठली? हसतेय ऋचा. टोबीही हसतोय. सगळे बाहेर हॉलमध्ये बसलेत, मी बेडरूममध्ये आलोय. … हळू बोलतोय कारण हा आंग मो किओचा सरकारी फ्लॅट आहे, तुझं पुण्यातलं घर नव्हे, भिंती नावापुरत्या. त्यांना मराठी कळत नाही हे खरं, पण तुझा आवाज कळतो.

… नाही, विश्वासकाकांचं जुनं प्रकरण काही निघालं नाही. तिथपर्यंत जेफ्री पोचलाच नाही. इतके दिवस तू उगाच विश्वासकाकांवर संशय घेतलास. … मेलेला माणूस आहे, माफी माग मनातल्या मनात.

… हो, हो… अगं ऐक ना. पहिल्यापासून सांगतो. मधे बोलू नकोस. … बरं, बोल. … झालं? … आता ऐक.

हा जेफ्री हॉलोवे, टोबीचा बाप. रिटायर झाल्यापासून माणसाला एकच नाद. गावोगावच्या चर्चमधल्या जुन्या वह्या वाचायच्या आणि आपले पूर्वज शोधायचे. … नाही, श्राद्धासाठी नाही. नुसतेच. … तेच मीही विचारलं होतं, सापडल्यावर काय करता? म्हणाला, आणखी मागे जातो.

… गाव? लिटल मार्शवेल. म्हणजे मार्शवेल खुर्द. शेजारी ग्रेट मार्शवेल आहे, ते बुद्रुक. … हो ना, मलाही एकदम घरचं वाटलं. तर त्या खुर्दच्या चर्चमधला पाद्री तीनच गोष्टी लिहायचा. कोणाचा बाप्तिस्मा झाला, कोणाचं लग्न झालं, कोणाला पुरलं. पिढ्यान् पिढ्या, दुसरं काही नाही. … हां, आपल्या त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या वह्या असतात तशाच. फक्त दक्षिणेचा विषय नाही.

आता जेफ्रीच्या लेखी माणूस म्हणजे तीन नोंदी. आला, लग्न झालं, गेला. तिन्ही जुळल्या की त्या नावापुढे हिरवी खूण करतो आणि चहा पितो. एक जरी कमी पडली तरी त्याला झोप लागत नाही. आणि अशा माणसाला मी आपला कुलवृत्तांत पाठवला.

… मी कशाला? तूच म्हणालीस! त्यांनी त्यांचं कूळ पाठवलंय, आपण गप्प बसलो तर म्हणतील यांना कूळच नाही. तुझे शब्द. … हो, इंग्रजी मी केलं. एक्सेलमध्ये. तांजोंग पगारच्या ऑफिसात जन्मभर हिशेब तपासले, मला दुसरं येतं काय? एका ओळीत एक नाव, हा नियम. एका चौकटीत दोन नावं कोंबणं माझ्या हातून व्हायचं नाही. … अगं, तेच सांगतोय ना. जरा धीर धर.

… त्यांचं कूळ? शेतमजूर, शेतमजूर, शेतमजूर, मधेच एक चर्चची घंटा वाजवणारा, परत शेतमजूर. आणि सगळ्यात वर एक तान्हं पोर. चर्चच्या देवडीत सापडलेलं. आईबाप माहीत नाहीत. समोरच्या गल्लीचं नाव हॉलोवे होतं, तेच पोराला आडनाव म्हणून चिकटवलं. … स्वतः सांगितलं त्याने, छाती पुढे काढून. आपल्याकडे असतं तर ते पान आपण बाइंडिंगमध्येच शिवून टाकलं असतं.

… ताई, श्वास घे. … गोत्र? अगं, ज्याला गोत्र माहीत नाही त्याला काश्यप, हे तूच सांगत फिरतेस ना सगळ्यांना? … मग झालं. हॉलोवे काश्यपगोत्री, आपण वासिष्ठ. सगोत्र नाही, सपिंड नाही. इतकं स्वच्छ स्थळ पुण्यात शोधून मिळालं नसतं. … गुरुजींनी प्रवर विचारलं तर मार्शवेल खुर्द सांग.

बरं, पुढे ऐक. एक्सेल गेलं आणि जेफ्री गप्प. त्याआधी रोज ईमेल यायचं, त्या घंटावाल्याच्या बातम्या घेऊन. ते बंद. आणि मग एक आलं. तुमच्या घराण्यासंबंधी एक नाजूक गोष्ट समोरासमोर बोलायची आहे, तोपर्यंत साखरपुड्याची तारीख पक्की धरू नये. … हो, ते दुसरं वाक्य मी तुला सांगितलं नव्हतं. … कारण तू विमानात बसली असतीस. … नाही, तुझं स्वागतच आहे, मी कुठे नाही म्हणतोय? पण ऋचा खोलीतून बाहेर येईना, विनीताने लेकीसाठी सेरंगून रोडच्या कालीमातेला ओटी बोलली, त्यात तू. माझं ब्लडप्रेशर बघ ना जरा.

तर आज आले दोघं, जेफ्री आणि त्याची बायको मार्गारेट. जुरोंग ईस्टला टोबीच्या कॉन्डोवर उतरलेत. एमआरटीच्या गाडीने आले, घामाने निथळत, हातात फुलं. … हो, चपला बाहेर काढल्या, कोणी न सांगता. … अगं, पायमोज्यांचं काय घेऊन बसलीस!

जेवायला बसलो. जेफ्री वरणभात खातोय, कोशिंबीर खातोय, पण लक्ष सगळं आतल्या दाराकडे. कोणीतरी बाहेर येईल अशी वाट बघतोय. शेवटी विनीता श्रीखंड वाढायला वाकली, तेव्हा त्याने चमचा खाली ठेवला आणि अगदी हळू विचारलं… ‘अँड अनघा? इज शी वेल?’

… अनघा! … कोण काय अनघा? विनीता गं! आपली विनीता. माहेरचं नाव. … हो, मलाही क्षणभर लागेना. तिची आई गेल्यापासून त्या नावाने तिला कोणी हाकच मारलेली नाही.

विनीता तशीच उभी. श्रीखंडाचा डाव हवेत. आणि ऋचा काय म्हणाली माहितीय? ‘पप्पा, हू इज अनघा?’ … तो सूर तू ऐकायला हवा होतास. … नाही ना, तिला ठाऊकच नव्हतं! सांगायची वेळच कधी आली नाही. … टोबी माझ्याकडे बघतोय, ऋचा माझ्याकडे बघतेय, मार्गारेट ताटाकडे. एका बायकोत माझा जन्म गेला, ताई, आणि माझ्याच टेबलावर मी दोन बायकांचा दादला.

… थांब, खरी गंमत पुढे आहे. मग त्याने पिशवीतून गुंडाळी काढली. भली मोठी. वाट्या बाजूला सारून पसरली. आपलं अख्खं कूळ, सुरेख अक्षरात. म्हणाला, आधी मला वाटलं तुमच्याकडे प्रत्येकाला दोन बायका. ते त्याने समजून घेतलं होतं, बरं का. म्हणाला, जुना काळ, आमच्याच एका राजाने सहा केल्या, आम्ही कोण बोलणार? पण मग त्याने नोंदी जुळवल्या.

… अगं तीन नोंदी! आला, लग्न, गेला! पणजी घे. द्वारका. जन्म आहे, आईबाप आहेत, लग्न आहे. मृत्यू नाही. खालच्या ओळीत राधाबाई. मुलं आहेत, मृत्यू आहे. जन्मच नाही. मग आजी. वेणू लग्नाच्या दिवसापर्यंत दिसते, पुढे गायब. सुशीला लग्नाच्याच दिवशी उगवते, मागे कोणी नाही. आईचंही तेच. … प्रत्येक पिढीत, ताई! एक मुलगी वाजतगाजत आपल्या घरात येते आणि त्याच दिवशी नाहीशी होते. कुठे पुरल्याचीही नोंद नाही.

… दहन गं, दहन! मुद्दा तो नाही!

… हसू नकोस. तो बिचारा त्या सगळ्या बायकांसाठी जागत होता. आपल्यातलं कोणी जागलं होतं का कधी? … नाही, तसं नाही, सहज म्हटलं. … मार्गारेट म्हणाली, पोलिसांकडे जाण्याआधी एकदा त्यांना विचारून तरी घे. म्हणून माझा हात हातात घेऊन, मर्तिकाला भेटायला आल्यासारखा, म्हणतो, ‘अभय, व्हेअर आर द फर्स्ट वाइव्ह्ज?’

… मी नाही. विनीतानेच डाव खाली ठेवला, हात पुसले आणि म्हणाली, ‘आय ॲम अनघा.’ … एवढंच. बसली त्याच्या शेजारच्या खुर्चीवर.

मग मी सगळं समजावलं. ताटात तांदूळ पसरतात, नवरा अंगठीने नवं नाव लिहितो, पेढे वाटतात, टाळ्या. बाई तीच, नाव नवं. जेफ्रीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘सो… नोबडी डाइड?’ म्हटलं, नोबडी. त्याने असा सुस्कारा सोडला ना, ताटातला पापड हलला. मग हिरवं पेन काढलं आणि बसला बायका जोडत. द्वारकेपासून राधाबाईपर्यंत बाण, वेणूपासून सुशीलेपर्यंत बाण. एका हाताने श्रीखंड, एका हाताने बाण. ऋचा आईला इथल्या पोरांच्या थाटात म्हणते, ‘अनघा, पास द पुरी, लाह!’ आणि विनीता लाजली. या वयात. … मी म्हटलं, सुटलो बुवा. आलो आत आणि आडवा झालो, तेवढ्यात तुझा फोन.

… तुझी? आहे ना नोंद, तू घरची मुलगी. सगळ्यात मोठं प्रश्नचिन्ह तुझ्यावरच होतं. … अगं, शुभदा. पुण्यात जन्म, निशिकांतरावांशी लग्न आणि पुढे काहीच नाही. खाली ज्योत्स्ना, दोन मुलं, नातवंडं. त्याला सगळ्यात काळजी तुझीच. बाकीच्या जुन्या काळातल्या, ही आपल्या वेळची. मला विचारत होता, ती जिवंत सापडायची काही आशा आहे का?

… म्हटलं, आहे. रोज फोन करते.

… निशिकांतरावांना सांग, तुमच्यावर थेट इंग्लंडात संशय होता म्हणावं. … सांगितलंस? … काय म्हणाले? … ‘पहिली बरी होती’? … नाही, मी यात पडत नाही. तुमचं तुम्ही बघा.

… हां, ऋचाचं. तेही निघालं. मार्गारेटने विचारलं, मग आता हिचं काय होणार? मी म्हटलं, नवं नाव मुलाकडचे ठरवतात, मान तुमचा. तर जेफ्री दचकलाच. म्हणाला, आत्ता कुठे सगळ्या सापडल्या, आता आणखी एक नको. … ऋचा? ती म्हणाली, आत्या सांगेल तसं. … खरंच असं म्हणाली. मराठीत. … ठाऊक आहे ना मला, तू नाव काढून ठेवलंयस, त्यांना काही माहीत नाही म्हणून त्यांच्या वतीने. चांदीचं ताटही काढलंयस. मी त्यांना तसं…

… ताई? … हॅलो? … हॅलो, आहेस ना? … मला वाटलं लाइन गेली.

… काय? परत सांग. … नको? … ताट नको की नाव नको? … बरं. … नाही, वाद घालत नाहीये. ऐकतोय. … ताट हवं, तांदूळ हवेत, अंगठी हवी… आणि त्यात ऋचाच लिहायचं. … टोबीने? देवनागरीत? … अगं, पहिलंच अक्षर ऋ आहे, जन्मात पेन्सिलीने काढलं नाही त्याने, अंगठीने काय काढणार! … शिकवतो. आजपासून बसवतो त्याला गिरवायला.

… रडतेस का? … बरं, सर्दी. … वाफ घे मग.

… कोणाला? जेफ्रीला? आत्ता? … नाही, जागा आहे, बाहेर हॉलमध्येच बसलाय. … त्याला मराठी येत नाही, एवढंच म्हणतोय. … हो, तुझं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं आहे, मी कधी नाही म्हटलं? एम.ए. केलंस तू. … हो, लग्नाआधी. … हो, पदवीच्या कागदावर तेच नाव आहे, खरंय. … बरं, देतो. धर जरा, बाहेर जातोय. … विनीता, सरक गं थोडी. … ताई आहे. … नाही, रागावलेली नाही. … जेफ्री? … जेफ्री, सॉरी टु डिस्टर्ब, फोन फॉर यू. फ्रॉम पुणे. … नो, नो, नथिंग राँग. सिट, सिट.

इट्स शुभदा.