डबल बेल

मारोती : मी तुला पोरगं आणाया धाडलं होतं, नागू. तू तर एकटीच उतरलीस.

नागुबाई : गेले बी एकटीच होते. संगं पापड होते, ते तिकडंच ऱ्हायले.

मारोती : थट्टा नको. शनिवारी आनंदराजची लिपिकाची परीक्षा हाय. फॉर्म मी भरला, फोटो मी चिकटवला, सही बी त्याची मीच केली. आता पेपर बी मीच देऊ का?

नागुबाई : द्या की. रिटायर झाल्यापासून रिकामेच बसून ऱ्हायलात.

मारोती : अन् तो अंदमानात शिडाच्या बोटीतून लोकायला फिरवत बसणार. इंजन तरी हाय का त्या बोटीला?

नागुबाई : हाय बारकं. पण वारं फुकट म्हणून ते बंद ठेवतेत.

मारोती : अन् बिरेक?

नागुबाई : न्हाई.

मारोती : बिरेक न्हाई! तीस वर्सं मुखेड डेपोत डायवरकी केली मी. बिरेक नसलेली एसटी फाटकाबाहेर काढली न्हाई.

नागुबाई : एकदा काढली होती.

मारोती : ती जळकोट गाडी. ती गणतीत धरू नको.

नागुबाई : बिरेक नसला तरी बोटीला नांगर असतोय.

मारोती : नांगर? पाण्यात काय पेरतेत?

नागुबाई : म्या बी हेच इचारलं. लोखंडी आकडा असतोय. दोराला बांधून खाली सोडतेत. तळाला रुतला की बोट हालत न्हाई. आपला नांगर चालला पायजे, त्यांचा अडकला पायजे.

मारोती : बेटावर नेलं म्हणं तुला.

नागुबाई : हाव. दोन दिवस सुट्टी होती त्याला, मालकानं बोट दिली, आमी दोघंच गेलो. डोंगर चढवला मला. चिखल, जंगल. पदर खोचला अन् चढले.

मारोती : वर काय होतं?

नागुबाई : वरून पाणी दिसतंय.

मारोती : अन् खालून काय दिसत होतं?

नागुबाई : पाणीच. पण वरून लई दिसतंय. एवढं पाणी अन् एक घागर भरायच्या कामाचं न्हाई.

मारोती : तू शंख आणणार होतीस ना?

नागुबाई : उचलला एक. तर तो पिशवीतून चालाया लागला. आत खेकडा ऱ्हात होता. आनंदराज म्हणला, आई, ठेव तिथंच, त्याचं घर हाय ते. म्या म्हणलं, तुझ्या बापानं बी मला असंच एकाला पिशवीत घालून आणाया धाडलंय.

मारोती : मंग तवाच इचारायचं की, येतो का म्हणून.

नागुबाई : संध्याकाळी इचारणार होते. तेवढ्यात वादळ आलं.

मारोती : वादळ? फोनवर तर म्हणालीस, जरा वारं सुटलं होतं!

नागुबाई : फोनवर तुमचं बीपी होतं.

मारोती : आता बी हाय. सांग.

नागुबाई : बेटाच्या आडोशाला बोट उभी होती. अंधार पडला अन् पाऊस असा की आभाळ कुठं संपतंय ते कळंना. आनंदराज म्हणला, नांगर घसरला तर आपण खडकावर. मला खालच्या खोलीत बसवलं. खिडकीतून दीपगृहाचा दिवा दिसत होता. म्हणला, दिवा खिडकीच्या मधी हाय तवर आपण जागेवर हावोत. वर त्याच्या कानाशी घंटी बांधली अन् तिची दोरी माझ्या हातात दिली.

मारोती : एक का दोन?

नागुबाई : आपल्या एसटीवानीच. एक म्हंजी सरकून राहिलोत, थांबव. दोन म्हंजी ठीक हाय, चालू दे.

मारोती : म्हंजी तू कंडक्टर!

नागुबाई : रातभर. फक्त तिकीट फाडलं न्हाई.

मारोती : सरकला का दिवा?

नागुबाई : तीनदा. एक घंटी दिली की वर इंजन लागायचं, सगळी बोट थरथरायची, दिवा हळूच मधी यायचा. मंग मी दोन द्यायची. तिसऱ्या खेपेला दिवा येता येईना. म्या खालून हाक मारली, आनंदा! तर वरून काय म्हणला ठाऊक हाय? "बसा निवांत. गाडी माझ्या हातात हाय."

मारोती : ...ते माझं हाय.

नागुबाई : ठाऊक हाय. लहानपणी तुमच्या बाजूला बोनेटवर बसून ऐकलेलं त्यानं. सख्ख्या आईला "बसा" म्हणला.

(मारोती बसल्या जागी पायानं फरशीवर बिरेक दाबून धरतो.)

मारोती : मंग?

नागुबाई : पाय सोडा. आला दिवा.

मारोती : भ्याला होता का?

नागुबाई : सकाळी हात कापत होते त्याचे. रातच्याला न्हाई कापले.

मारोती : माझं बी तसंच असायचं. डेपोत आल्यावर कापायचे. तुला कधी सांगितलं न्हाई.

नागुबाई : चहाची बशी सांगायची.

मारोती : मंग सकाळी तरी इचारलंस का?

नागुबाई : बंदराला लागल्यावर त्यानंच काढलं. म्हणला, बाबानं तुला कशाला धाडलंय ते ठाऊक हाय मला. तू म्हणशील तर आत्ता पिशवी भरतो. एवढं बोलला अन् शिडाकडं बघत उभा ऱ्हायला.

मारोती : अन् तू काय म्हणालीस?

नागुबाई : रातची दोरी हाताशीच होती, तीच वढली.

मारोती : किती दिल्या?

नागुबाई : दोन.

मारोती : दोन!

नागुबाई : रागावलात?

मारोती : डबल बेल पडल्यावर गाडी कधी थांबवली न्हाई मी, नागू. जाऊ दे.