गालावरचा तीळ

मोसुलच्या बेपत्तांच्या कचेरीत माझ्यापुढे एक म्हातारी होती. खिडकीतल्या मुलीने संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. त्यावर माणसाची आकृती होती.

"खाला, लेकाच्या अंगावर खूण होती तिथे बोट ठेवा. तशी खूण असलेले मृतदेहच उरतील."

"गुडघ्यावर टाके होते."

"चारशेंतले नऊ उरले."

"पुढचा दात तुटका."

"एकच उरला, खाला. फोटो उघडू?"

"थांब गं! डाव्या गालावर तीळ होता. मोठा, काळा."

"अर्जात तर लिहिला नाहीत."

"आई तू का मी? ठेवलं बघ बोट."

"आता एकही नाही."

"म्हटलं नव्हतं? यांच्यात नाहीच तो!"

"गेल्या महिन्यात तीळ उजव्या गालावर होता, खाला."

"मग? पुढच्या महिन्यात येईन, तेव्हा सांगेन कुठे होता ते."