फळ्यावरचं उत्तर

(कोळ्यांच्या सातपाटी गावातल्या हायस्कुलाचा दहावीचा वर्ग. शाळा सुटलेली. कमलाकांत सर, पुष्पलता आणि दाराशी म्हातारा शिपाई महादू. बाहेर वारा पिसाळलेला.)

सर : पुन्हा. पोएमच्या शेवटी कोळीण खिडकीत दिवा लावून बसते. पहाट होते, तरी होडी येत नाही. म्हणजे काय झालं?

पुष्पलता : पहाट झाली, सर.

सर : अगं, कोळ्याचं काय झालं? उद्या इन्स्पेक्टरसाहेब हेच विचारणार. नुसतं भाषांतर नको, ओळींच्या आतलं काढून दाखवायचं. मी फळ्यावर लिहिलंय ना? वाच.

पुष्पलता : नाय वाचनार.

सर : एवढंसं तर आहे! ‘द फिशरमॅन इज डेड.’

पुष्पलता : सर! मोट्यानं काय बोलता!

महादू : मास्तर, जीभ आवरा. बोटी दर्यात हायेत.

सर : आता तुम्हाला काय झालं?

पुष्पलता : घरची बोट भायेर असली का आमी तसलं तोंडातून काडत नाय. काडलं का तसंच होतं. बाबांची बोट काल यायला पायजे होती, सर. रेडिओवर वादळ सांगतायत.

सर : पण हे इंग्रजीत आहे!

महादू : दर्याला काय इंग्रजी येत नाय? गोऱ्या सायबांच्या आगबोटींवर शिकला तो. तुमच्या आधीचे भूगोलाचे मास्तर, नकाशावर छडी टेकून म्हनाले, इतं एक जहाज... तेच, बोलायचं नाय ते. संध्याकाळी त्यांच्या खोलीत कमरेएवडं पानी! खाट तरंगत गेली ती थेट दातिवऱ्याच्या बंदराला लागली. मास्तर घोरतायत. बायांनी मावऱ्याबरोबर मासळीच्या लिलावात काडले त्यांना. कोन घेईना. म्हनाल्या, ह्याला वासच नाय, शिळा असंल!

सर : झाल्या सुरू थापा. पुष्पलता, तूच एक धड इंग्रजी बोलतेस. उद्या तू गप्प राहिलीस तर साहेबांचा शेरा वाईट पडेल. मी अजून कायम झालो नाही गं. घरी बसवतील मला.

पुष्पलता : पन कवितेत तसं लिवलंय कुटं? ती दिवा लावते, बस. कवीनंबी पुडचं नाय सांगितलं. त्याच्या घरचं कोनतरी भायेर असंल तवा.

सर : हे... हे गाइडात नाही.

पुष्पलता : गाइडवाल्याचं कोन नसंल दर्यात.

सर : अहो महादूकाका! फळा का पुसताय?

महादू : पुसू द्या.

सर : त्या खाटेच्या गोष्टीवर तुमचाच विश्वास बसला की काय?

महादू : ती आता उब्या उब्या रचली, मास्तर. पोर हसंल वाटलं. नाय हसली.

सर : मग?

महादू : माजा दामू हिच्या बापाच्याच बोटीवर हाय.

पुष्पलता : काका, तुमचा हात पोचत नाय. वरचं रायलं.

सर : द्या ते डस्टर. मी पुसतो.

पुष्पलता : आनि उद्या सायबांनी विचारलं तं?

सर : मी सांगेन त्यांना. म्हणेन, ह्या प्रश्नाचं उत्तर आमच्याकडं बोटी किनाऱ्याला लागल्यावर देतात.