आमच्या घरात खून झालेला नाही

...नाही हो, आमच्या घरात खून झालेला नाही! तुम्हाला सांगतो, मध्यंतरी दिवसातून किती वेळा मला हे एकच वाक्य म्हणावं लागायचं! सकाळी तोंडाला दाढीचा साबण लावलेला, बेल वाजते, तसाच दार उघडतो, तर बाहेर एक नवरा-बायको, त्याच्या गळ्यात कॅमेरा, तिच्या हातात फुलं, आणि चेहरे असे पाडलेले की जणू माझ्याच मयताला आलेत. बाई आवाज खाली आणून विचारते, "इथेच ना हो... ते?" आता ते म्हणजे काय ते? ते म्हणजे खून! आणि मी, क्लिफर्ड हॅलिवेल, वय वर्षं एकोणऐंशी, दारात उभा, साबण गळ्यावरून ओघळतोय.

खून झाला तेरा नंबरात. मी पंधरा. तेरा नंबर आता नाहीच. आमच्या क्लॅरेन्डन स्ट्रीटवर जा, सगळी घरं एकाला एक चिकटलेली, अकरा नंबरनंतर पडलेल्या दातासारखी फट, तिथे गवत, आणि मग मी. शहात्तर साली डेरिक थ्रेल्फॉलनं बायकोला, जोनला, चहातून तणनाशक पाजलं. सगळ्या देशात गाजलं ते. लोक लांबलांबून बघायला यायचे, वर आठवण म्हणून भिंतीची वीट काढून न्यायचे, शेवटी नगरपालिकेनं अख्खं घरच पाडून टाकलं. जोन फार चांगली बाई होती हो. कुंपणावरून टोमॅटो द्यायची, माझ्या बायकोला, बेरिलला. पण तिच्याबद्दल कोणी विचारेल तर शपथ. जो तो विचारणार, थ्रेल्फॉल कसा होता? कसा होता म्हणजे? कंटाळवाणा होता! हिरवळ कापायच्या यंत्राबद्दल बोलायला लागला की थांबायचा नाही.

तर सगळं सुरू झालं त्या खुनावर काढलेल्या सिनेमामुळे. सत्यघटनेवर आधारित म्हणे. एक दिवस बेल वाजली. आता तुम्ही म्हणाल, बेल वाजली त्यात काय सांगायचं? अहो, बेरिल गेल्यापासून आमची बेल वाजते ती फक्त शेजारच्या शाहिदाचं पार्सल ठेवून घ्यायला. पूर्वी मीटर बघायला एक माणूस तरी यायचा, पायपुसण्यावर उभा राहून दोन शब्द हवेबद्दल बोलायचा. आता मीटरच आकडा परस्पर कळवतो. बरं, मीटरशी काय बोलायचं? त्यामुळे बेल वाजली की मी आधी केस नीट करतो, मग दार उघडतो. दारात एक मुलगी, इमोजेन नाव, सिनेमासाठी घर शोधत लंडनहून आलेली, बोलणं असं की प्रत्येक शब्द आधी तोंडात घोळवून मग बाहेर. माझ्या खांद्यावरून आत बघितलंन आणि किंचाळलीच, "अय्या, तो भिंतीवरचा कागद!"

तो कागद बेरिलनं निवडलेला. नारिंगी फुलं, तपकिरी फुलं, मध्येमध्ये काय आहे ते मला आजवर कळलेलं नाही. इमोजेन म्हणाली, "मिस्टर हॅलिवेल, हे दैवी आहे, असं घर आम्हाला उभ्या इंग्लंडात सापडलं नाही, तुम्ही हे सगळं इतकं जपलंत कसं?" मी म्हटलं, जपलं नाही बाई, बदललं नाही. आता बदलणार तरी कशाला? मुलगी न्यूझीलंडला, ती फोनवर म्हणते, "बाबा, घर विका, छोटीशी खोली बघा कुठेतरी." आणि बेरिलची खुर्ची खोलीत कुठे ठेवू? तेरा नंबर राहिला नव्हता, पंधरा हुबेहूब तसाच, तेव्हा त्यांना माझ्या घरात खून करायचा होता. मी नाही म्हणायला हवं होतं. पण ती दारात पावसात उभी होती, आणि आपली खोड अशी, की पायावर कोणी पाय दिला तरी आपणच माफी मागतो. मी म्हटलं, काही त्रास नाही, या, चहा घेता?

आणि मग काय सांगू तुम्हाला! माणसं! जिन्यात माणसं, न्हाणीघरात माणसं, माझ्या पलंगावर एक जण वायरी सोडवत बसलेला. मी सकाळी उठून भलंमोठं भांडं भरून चहा करायचो, आणि कोणीही, कोणीही नाही म्हणायचं नाही. "क्लिफ, तुमच्या हातचा चहा म्हणजे..." क्लिफ म्हणायचे मला! वीस वर्षांच्या पोरी! शाहिदा कुंपणावरून म्हणाली, "काका, आजकाल भांग काय, इस्त्री काय, सिनेमात तुम्ही आहात की काय?" मी म्हटलं, तू आपली पार्सलं बघ. पण खरं सांगतो, इतका आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता. माझ्या बैठकीच्या खोलीत रोज एक बाई विष पिऊन मरत होती, आणि मी स्वयंपाकघरात शिट्टी वाजवत कप धूत होतो. दिग्दर्शक येऊन म्हणाला, शिट्टी तेवढी बंद करा, आवाजात येतेय.

मग झालं त्यांचं काम, आणि सगळं होतं तसं लावून दिलं. होतं तसं म्हणजे किती? फोटो काढून ठेवलेले त्यांनी. माझं वर्तमानपत्र त्याच पानावर उघडं, चष्मा त्याच्यावर तिरका, कपात अर्धा चहा! फक्त एक चूक केली. बेरिलची खुर्ची मी ती गेल्यावर खिडकीकडे सरकवली होती, समोर रिकामी बघवायची नाही म्हणून. सामान लावणाऱ्या पोरीनं गालिच्यावर खुर्चीच्या पायांचे जुने खड्डे बघितले, आणि बिचारीनं बरोबर त्या खड्ड्यांत बसवली. माझ्या समोर. संध्याकाळी सगळे गेले, दार लागलं, आणि मी बघतो तर खुर्ची समोर. हलवायला उठलो. नाही हलवली. हात सवयीनं दोन कपांचा चहा करतो तसा केला होता, दुसरा कप तिच्यासमोर ठेवला, गार झाला, ओतून दिला. रोजचंच ते.

सिनेमा लागला तेव्हा शाहिदा घेऊन गेली. आमचं सगळं कोल्डरशॉ गाव थिएटरात. तो प्रसंग आला, थ्रेल्फॉल चहा ओततोय, जोन खुर्चीत, बेरिलच्या खुर्चीत, लोकांनी श्वास रोखलेले, कोणी हुंदका दिला, आणि मला दिसली काय तर चहा गरम राहावा म्हणून किटलीवर घालायची लोकरी टोपी. बेरिलनं विणलेली, पिवळी, वर गोंडा. मी मोठ्यानं म्हणालो, "अरे, ती आमची टोपी!" सगळ्या रांगा मागे वळल्या. शाहिदानं कोपर मारलं, "काका, तिकडे बाई मरतेय." मी म्हटलं, मरू दे, ती रोजच मरत होती, पण ती टोपी बेरिलनं आजारपणात विणली होती गं. आणि रडायलाच लागलो. लोकांना वाटलं, जोनसाठी.

तेव्हापासून हे. बेल, फुलं, कॅमेरे. आणि मी खरं बोलणारा माणूस, म्हटलं, आमच्या घरात खून झालेला नाही, तो त्या गवतावर झाला, तिकडे जा. तर काय, "ओह, सॉरी हं," आणि फिरवली पाठ! एक जण थांबेल तर शपथ. मी चहाचं विचारेपर्यंत फाटकाबाहेर. तिकडे जाऊन गवताचे फोटो काढणार. गवताचे! मग ही बातमी पसरली, पंधरा नंबर खोटा आहे, आणि बेल पुन्हा गप्प. एक आठवडा गेला, दुसरा गेला, मी केस नीट करून बसलेला, आणि बेल नाही. शाहिदाची पार्सलंसुद्धा तेव्हाच कशी बंद व्हावीत?

आणि मग एक दिवस वाजली. एक बाई, माझ्याच वयाची असेल, ग्रिम्सबीहून दोन बसा बदलून आलेली, कोट भिजलेला, हातात डॅफोडिल्सची पिवळी फुलं. म्हणाली, "त्रास देते, माफ करा... इथेच का?" मी तोंड उघडलं. देवाशपथ, आमच्या घरात खून झालेला नाही असंच म्हणायला उघडलं. तिच्यामागे ते गवत दिसत होतं. आत किटली नुकतीच उकळलेली. आणि मी म्हणालो, "हो. इथेच. पाय पुसून या."

आली. बसली. कुठे बसली, तर बेरिलच्या खुर्चीत, सिनेमातली ती मरणारी बाई सोडली तर कोणाला बसू दिलं नव्हतं मी तिथे, पण म्हटलं बसा. डॅफोडिल्स भांड्यात ठेवले. आणि मी बोललो हो, किती बोललो! जोनबद्दल, टोमॅटोंबद्दल, मग बेरिलबद्दल, तिनं तो कागद कसा निवडला त्याबद्दल. तीही बोलली, तिचा नवरा, तिचं मांजर, तास कसा गेला कळलं नाही. फक्त एकच. मी पिवळी टोपी काढून चहा ओतला, कप तिच्यापुढे ठेवला, तिनं कपाकडे बघितलं, खुर्चीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि गोड हसून म्हणाली, "नको, माझा आत्ताच झालाय."

भिजून आलेली इंग्लिश बाई, आणि चहा नको म्हणते! मी काय सांगणार होतो? की बाई, प्या निर्धास्त, आमच्या घरात खून झालेला नाही? मग ती उठलीच असती की!

आता रोज येतात. तिनंच सांगितलं असणार चार जणींना. बसतात, ऐकतात, पुन्हा येऊ म्हणतात, येतातही. चहा मात्र कोणी घेत नाही. मी आपला दोन कप करतोच. पूर्वी दुसरा कप रिकाम्या खुर्चीसमोर गार व्हायचा, आता माणसासमोर गार होतो. तेवढंच.