ताप न्हाई म्हण

आमचं गाव दुबलगुंडी, हुमनाबाद तालुका. घरात कन्नड, गिरणीवर मराठी, बाजारात दखनी, तिन्ही भाषा येत्यात मला. माझ्या अप्पानं पिठाची गिरणी टाकली, तीच मी चालवायलोय. लीला माझी एकुलती एक, लग्नानंतर लई वर्षांनी झालेली. लॉकडाउन लागला तवा सात वर्षांची होती. काय सांगू तुम्हाला, दळणाला येणारी बाई तिच्या हातावर गूळ ठेवायची आन् मी कधी नको म्हणलो न्हाई.

तर सगळं बंद झालं आन् तिची खालची दाढ ठणकायला लागली. लवंग ठिवली, मिठाच्या पाण्यानं चुळा भरायला लावल्या. मग गाल सुजला आन् अंग तापलं. तापाचं नाव काढायची सोय नव्हती हो तवा. आमच्याच गल्लीत हैदराबादहून आलेला एक माणूस ताप हाय म्हणला, गाडी आली, त्याला उचलून कुठल्या वसतिगृहात ठिवलं, घराला पत्रे ठोकले. लेकरांना बी आईबापापासून तोडून ठेवत्यात असं लोक बोलायचे. खरं का खोटं कुणाला ठाऊक, पर माझ्या डोळ्यापुढं लीला एकटी, लोखंडी खाटेवर. आन् खरं सांगतो, गिरणी बंद पाडतील हे बी मनात होतं. लेकरू फणफणलेलं आन् मी गिरणीचा विचार करायलोय.

दातांचे दवाखाने सगळे बंद. मशीन लावली की थुंकी उडती म्हणून कुणी हात लावीना. बिदरच्या मोठ्या दवाखान्यात बघत्यात म्हणून कळालं. लीलाची आई म्हणली, ताप हाय ते तेवढं डॉक्टरला सांगा. मी म्हणलो, तू गप बस. निघताना तापाची गोळी दिली, पोलिसांच्या नाक्याच्या अलीकडं फटफटी थांबवून ओल्या फडक्यानं कपाळ पुसलं, आन् लीलाला शिकिवलं, कुणीबी विचारलं तर ताप न्हाई म्हण, दुखायलंय का म्हणले तर थोडंच म्हण. गुणाचं लेकरू, मान हलिवली.

नाक्यावर पोलीस म्हणला, काय अण्णा, लेकीच्या गालात लिंबू लपिवलायस काय. कपाळाला ताप मोजायचं ते यंत्र धरलं, काही निघालं न्हाई, जा म्हणला. मला वाटलं सुटलो.

दवाखान्याच्या दारातल्या यंत्रात बी ताप निघाला न्हाई. आत डॉक्टरबाई, अंगभर प्लास्टिक, नुसते डोळे दिसायलेत. ताप हाय का. न्हाई. गिळता येतंय का. येतंय. मग लीलाकडं वळून, दुखायलंय का गं बाळा. थोडंच. बाई म्हणल्या, सूज आन् ताप दोन्ही असंल तरच आत्ता आत घेतो आम्ही, हिला गोळ्या देते, वाढलं तर लगेच आणा. माझ्या ओठावर आलतं, बाई, ताप हाय. पर दाराशीच ती उचलून न्यायची गाडी उभी होती. गोळ्या घेतल्या आन् फिरलो मागं.

दुसऱ्या दिवशी सूज जबड्याखाली उतरली. थुंकी गिळता येईना, लाळ नुसती गळायली. लीलाची आई पोरगी उचलून माझ्या मागं गाडीवर बसली. नाक्यावर त्याच पोलिसानं पाहिलं, यंत्र काढलंच न्हाई, बांबू बाजूला केला.

बाई त्याच होत्या. मी हात जोडले, म्हणलो, ताप काल बी होता, मीच लपिवला. बाई म्हणल्या, कामून लपिवला हो? उत्तराला त्या थांबल्याच न्हाईत, लीलाला घेऊन आत पळाल्या. दाढ काढली, जबड्याखाली चिरून पू काढला. बाहेर आल्यावर एवढंच म्हणल्या, रात्र गेली असती तर श्वास कोंडला असता.

लेकरू वाचलं. आता हायस्कुलात जाती, जबड्याखाली बारीक व्रण हाय, त्याचं तिला काही वाटत न्हाई. पर परवा ताट घेताना तिचा हात माझ्या हाताला लागला, नुसता भाजायलेला. म्हणलो, लीला, ताप हाय की गं तुला. न्हाई अप्पा, म्हणली, आन् दप्तर भरायली. कुठं दुखायलंय का? थोडंच. चिडलो बी, समजावलं बी, लेकी, खरं सांग गं, मी कुठं पाठवीत न्हाई तुला. हसती नुसती.

बसवण्णा तिला उदंड आयुष्य देवो. मी आता विचारायचंच सोडलंय. रोज सकाळी गिरणीला जायच्या आधी तिच्या कपाळाला हात लावून बघतो.